मुळशी खोऱ्यातील वीरगळ आणि अनाम शिल्पकाराचा जीवनशोध

पुण्याचा चांदणी चौक ओलांडून पौडच्या रस्त्याला लागले की भूगाव, पिरंगुट ही गावे लागतात. एकेकाळी ही खेडी होती. आता ती शहराच्याच कुशीत आली आहेत. पौड मागे टाकल्यावर मात्र डोंगर जवळ येऊ लागतात, भाताची खाचरे दिसू लागतात आणि पुढे मुळशी धरणाच्या पाण्याला वळसा घालीत रस्ता ताम्हिणी घाटातून कोकणात उतरतो. पावसाळ्यात या वाटेने हजारो लोक धबधबे पाहायला जातात. त्यांच्यापैकी फारच थोड्यांचे लक्ष वाटेवरच्या खेड्यांतील देवळांपुढे, पाराखाली किंवा बांधाच्या कडेला उभ्या असलेल्या एका वस्तूकडे जाते. ती वस्तू म्हणजे कमरेएवढा किंवा त्याहून थोडा उंच, उभट, काळा दगड. त्याच्या दर्शनी अंगावर एकावर एक असे तीन किंवा चार चौकटीवजा कप्पे कोरलेले असतात. काहींवर शेंदराचे इतके थर चढलेले असतात की आतील आकृती बोटांनी चाचपूनच ओळखावी लागते. गावकरी त्याला कुठे ‘वीर’ म्हणतात, कुठे म्हसोबा, कुठे भैरव. अभ्यासक त्याला वीरगळ म्हणतात.

मनुष्य का जगतो आणि का मरतो, हा प्रश्न तत्त्वज्ञांनी ग्रंथांतून सोडवण्याचा प्रयत्न केला, संतांनी आपल्या जीवनातून. पण आपल्याच डोंगरदऱ्यांतील एका कारागीर वर्गाने तोच प्रश्न छिन्नी-हातोड्याने दगडावर मांडला, ही गोष्ट आपल्या सहसा ध्यानी येत नाही. त्यांपैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. त्यांनी निवडलेली प्रतीके मात्र आपल्यासमोर आहेत. ती वाचण्याचा प्रयत्न करणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

शब्द आणि परंपरा

‘वीरगळ’ हा शब्द कन्नडातून मराठीत आला. ‘वीर’ आणि ‘कल्लु’ म्हणजे दगड, असा त्याचा उगम. शब्द कन्नड असला तरी रीत साऱ्या दक्षिण भारताची आहे. तामिळनाडूतील थेनी जिल्ह्यात पुलिमान्कोंबै येथे २००६ साली तमिळ-ब्राह्मी लिपीतील स्मारकशिला सापडल्या. त्या ख्रिस्तपूर्व काळातील असाव्यात असे लिपितज्ज्ञ मानतात आणि त्यांतील एकीवर गुरे पळवण्याच्या झुंजीत मेलेल्या माणसाचा उल्लेख आहे. आंध्रातील नागार्जुनकोंडा येथे इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकातील इक्ष्वाकूंच्या राजवटीत ‘छायास्तंभ’ या नावाने स्मारके उभारली गेली. छायास्तंभ हा शब्दच किती बोलका आहे! माणूस गेला, त्याची छाया तेवढी दगडावर राहिली.

कर्नाटकात ही कला बहराला आली. तिथल्या असंख्य वीरगळांवर लेख आहेत. कोण मेला, कोणत्या लढाईत मेला, कोणत्या राजाच्या काळात मेला, हे सारे त्यांवर नोंदलेले असते. मंड्या जिल्ह्यातील आतकूर येथील इ. स. ९४९-५० च्या सुमारास कोरलेला दगड तर एका कुत्र्याच्या स्मरणार्थ आहे. काळी नावाचे ते शिकारी कुत्रे रानडुकराशी झुंजताना मेले आणि त्याच्या धन्याने त्याचा दगड उभारला. निष्ठा ही केवळ माणसाची मिरास नव्हे, एवढी समज त्या काळच्या समाजाला होती.

महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळांवर मात्र अक्षर नाही. शिलाहार आणि यादव यांच्या राजवटीत, म्हणजे साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकांत, ते मोठ्या संख्येने कोरले गेले आणि पुढेही काही शतके ही रीत चालू राहिली. अक्षर नसल्यामुळे इतिहासकाराची अडचण होते खरी. पण त्याच कारणामुळे शिल्पकारावर एक जबाबदारी येऊन पडली. जे सांगायचे ते चित्रानेच सांगणे त्याला भाग होते, आणि म्हणून त्याने एक चिन्हांची भाषा घडवली. ती भाषा पौडच्या शेतकऱ्याला कळे, घाटाखालच्या कोळ्याला कळे आणि पंढरीच्या वाटेवरील वारकऱ्यालाही कळे.

खालून वर वाचायचा दगड

ही भाषा वाचण्याचा पहिला नियम असा की वीरगळ खालून वर वाचावा. आपण पुस्तक वरून खाली वाचतो, म्हणून नवखा माणूस येथे चुकतो.

सर्वांत खालच्या कप्प्यात वीर मरून पडलेला असतो. पुष्कळदा तो आडवा, हात-पाय ताठ झालेला, असा दाखवलेला असतो. त्याच्याभोवती गाई कोरलेल्या असल्या तर तो गुरे वाचवताना मेला, असे समजावे. गाईंऐवजी घोडे, ढाल-तलवारी किंवा शत्रूंची रांग असेल तर ती लढाई. त्यावरच्या कप्प्यात युद्धाचा प्रसंग असतो. काही दगडांवर युद्ध आणि मृत्यू एकाच कप्प्यात येतात. त्याच्यावर अप्सरा वीराला दोन्ही बाजूंनी धरून वर नेत असतात. कुणाच्या हातात चवरी असते, कुणाच्या हातात हार. सर्वांत वर वीर हात जोडून शिवलिंगापुढे बसलेला असतो. शेजारी पुजारी असतो, कधी नंदी असतो. या साऱ्यांच्या माथ्यावर कळस, आणि कळसाच्या दोन अंगांना चंद्र व सूर्य.

दगडाची ही मांडणी पाहताना एक गोष्ट मनाला खिळवून ठेवते. या कथेची सुरुवात मृत्यूपासून होते. माणसाचा जन्म, त्याचे बालपण, लग्न, शेतीवाडी, यांपैकी काहीही दगडावर नाही. जणू शिल्पकार सांगतो आहे की, माणसाच्या आयुष्याचा अर्थ त्याच्या आरंभावरून उलगडत नाही. तो कशासाठी मेला हे आधी पाहा, मग तो कसा जगला हे तुम्हाला आपोआप कळेल. मृत्यू हा येथे शेवट नाही. तो पाया आहे. त्याच्यावर बाकीचे मजले उभे आहेत.

आता एकेका चिन्हाकडे वळू. चंद्र आणि सूर्य हे केवळ सजावटीसाठी नाहीत. दानपत्रांत ‘आचंद्रार्क’ असा शब्द येतो. म्हणजे चंद्र-सूर्य असेपर्यंत. वीर मेला तर त्याच्या कुटुंबाला जमीन देण्याची रीत होती. कर्नाटकात अशा दानाला ‘नेत्तरु कोडगे’ म्हणत. नेत्तरु म्हणजे रक्त. रक्ताच्या मोबदल्यात मिळालेली ती जमीन. तेव्हा चंद्र-सूर्याची दुहेरी साक्ष येथे घेतली आहे: वीराची कीर्ती चंद्र-सूर्य असेतोवर राहील, आणि त्याच्या लेकरांचा जमिनीवरचा हक्कही तोवर राहील. पारलौकिक आशा आणि ऐहिक न्याय, दोन्ही एकाच खुणेत कोरले गेले.

कळस हा देवळाचा माथा. वीरगळाच्या माथ्यावर तो आला की सारा दगडच एका लहानशा देवळाचे रूप घेतो. ज्याच्या देहाची राख नदीला मिळाली, त्याच्यासाठी गावाने हे दोन-तीन हातांचे देऊळ उभारले. वीर शैव असेल तर वर शिवलिंग येते. इतर पंथांच्या प्रदेशात त्याजागी विष्णू येतो, जैनांच्या स्मारकांवर जिनमूर्ती येते. म्हणजे चौकट एक, तिच्यातील देव ज्याचा त्याचा. या चौकटीचे सामर्थ्य असे की ती श्रद्धेचा आकार सांगते, श्रद्धेचे नाव मात्र प्रत्येकाला आपापले घालू देते.

काळा फत्तर आणि त्याचे व्याकरण

मुळशी-मावळातले वीरगळ कर्नाटकातल्या वीरगळांच्या शेजारी ठेवले तर ओबडधोबड वाटतात. होयसळांच्या राज्यातील शिल्पे दागिन्यांसारखी नाजूक आहेत, आणि आपल्याकडच्या आकृती ठेंगण्या, जाड हातापायांच्या, उथळ कोरलेल्या. यावरून आपला कारागीर कमअस्सल होता असा निष्कर्ष कोणी काढील तर तो अन्याय होईल. होयसळांच्या शिल्पींना मिळाला तो मऊ दगड खाणीतून काढल्यावर सहज कोरता येतो आणि हवेत हळूहळू कठीण होतो. सह्याद्रीचा दगड हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा बनलेला. तो फत्तर छिन्नीला दाद देत नाही. त्यात बारीक बोटे, केसांच्या बटा, वस्त्राच्या चुण्या काढायला जावे तर कपचा उडतो आणि सारे काम वाया जाते.

म्हणून आपल्या पाथरवटाने काटकसर केली. चेहऱ्यावरचे भाव त्याने सोडून दिले. त्याच्या वीराला नाक-डोळे जेमतेम असतात. पण हात जोडलेले आहेत की तलवार उगारलेली आहे, शरीर उभे आहे की आडवे, हे मात्र तो कधी संदिग्ध ठेवत नाही. माणसाची ओळख त्याने चेहऱ्यावरून काढून कृतीवर नेली. दगडाच्या कठीणपणाने लादलेली ही मर्यादा असेल. पण तिच्यातूनच एक मोठा विचार जन्माला आला. ज्याला चेहरा नाही तो कोणीही असू शकतो. दगडासमोर उभा राहिलेला प्रत्येक गावकरी त्या आकृतीत आपल्या बापाला, भावाला आणि क्वचित स्वतःलाही पाहू शकत होता.

‘टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही’ ही म्हण आपण सर्रास वापरतो. ती दगडाविषयी आहे, असे आपल्याला वाटते. घाव सोसणारा दगड असतो, पण घाव घालणाऱ्याच्या तळहातालाही घट्टे पडतात, डोळ्यांत कपचे जातात, छातीत दगडाची धूळ बसते. म्हणीने दगडाला देवपण दिले; कारागिराला काय दिले, याविषयी ती मुकी आहे.

मुळशी हा मार्गाचा प्रदेश

मुळशीच्या दुर्गम भागात वीर येतात कुठून, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर भूगोलात आहे. कोकणातील बंदरांतून देशावर येणारा माल घाटवाटांनी चढत असे. मीठ, सुकी मासळी, कापड आणि परदेशी जिन्नस बैलांच्या पाठीवरून वर येत. धान्य आणि गूळ खाली जाई. जिथे वाट असते तिथे वाटमारीही असते, आणि तिचा बंदोबस्त करणारे राखणदारही लागतात. डोंगराळ मुलखात जमीन थोडी आणि उतरणीची. खरी संपत्ती गुरांची. गुरे पळवणे हा त्या काळी लुटीचा सर्वांत सोपा मार्ग होता. महाभारतातील विराटपर्वात कौरवांनी गाईंचे कळप पळवले आणि अर्जुनाने ते सोडवले, ही कथा आपण वाचतो. राजांच्या कथेत जे एकदा घडले ते मावळातील खेड्यांत पिढ्यान्पिढ्या घडत होते.

म्हणून वीरगळावरचा वीर हा बहुधा राजा नसतो, सरदारही नसतो. तो गावचा राखणदार असतो, गुराखी असतो, जमीन कसणारा कुणबी असतो. पुढे शिवकाळात बारा मावळांतील अशाच माणसांनी स्वराज्याच्या फौजा भरल्या, आणि पौड खोरे हे त्या बारांतील एक होते. बखरींत राजांची आणि सरदारांची नावे आली. पण त्याआधीच्या शतकांतील सामान्य माणसाचा इतिहास जर कुठे लिहिला गेला असेल, तर तो या निरक्षर दगडांवर.

पुण्याच्या परिसरातील टेकड्या पायी तुडवीत दामोदर कोसंबी यांनी ग्रामदेवता, जुन्या वाटा आणि दगडांची ठाणी यांची सांगड घातली. त्यांचे हे निबंध १९६२ साली ग्रंथरूपाने आले. धनगरांच्या देवतांचा जन्मभर अभ्यास करणारे जर्मन पंडित ग्युंथर सोन्थायमर यांनी इतिहासकार एस. सेत्तर यांच्यासह स्मारकशिलांवर संपादित केलेला मोठा ग्रंथ १९८२ साली प्रसिद्ध झाला. कोसंबी गणिताचे अध्यापक, सोन्थायमर परदेशी. आपल्या अंगणातला दगड वाचायला आपल्याला बहुधा बाहेरून आलेला किंवा वाट सोडून चालणारा माणूस लागतो, हे थोडे लाजिरवाणेच म्हटले पाहिजे.

समुद्रावरचे वीर

आपल्या वाचकांपैकी जे वसई-बोरीवली पट्ट्यातले आहेत त्यांना मुळशीपर्यंत जाण्याचीही गरज नाही. बोरीवलीजवळच्या एकसर गावातील वीरगळ प्रसिद्ध आहेत. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये त्यांचे कप्प्याकप्प्याने वर्णन आले आहे. त्यांतील काहींवर वल्ही मारणाऱ्या नाविकांच्या रांगा असलेली गलबते कोरली आहेत. उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्यात १२६५ च्या सुमारास समुद्रावर झालेल्या युद्धाशी अनेक अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात. त्या युद्धात सोमेश्वर बुडून मेला. यादवांचा मंत्री हेमाद्री याने आपल्या धन्याची स्तुती करताना या बुडण्याचा उल्लेख मोठ्या अलंकारिक थाटात केला आहे.

एकाच घटनेच्या या दोन नोंदी ताडून पाहाव्यात. दरबारी पंडिताने जिंकणाऱ्याची प्रशस्ती लिहिली. पाथरवटाने मात्र मेलेल्यांचे दगड घडवले आणि त्यांना गलबताच्या डोलकाठीवरून उचलून थेट कैलासाला नेऊन पोचवले. पराभव झाला म्हणून त्याने वीराला खालच्या कप्प्यात सोडून दिले नाही. जय-पराजयाचा हिशेब वरच्या मजल्यावर चालत नाही, हे सांगण्याचे धैर्य त्याच्या छिन्नीत होते.

वसईच्या किल्ल्यातील पडक्या ख्रिस्तमंदिरांच्या फरशीत पोर्तुगीज उमरावांच्या थडग्यांच्या शिळा आहेत. १७३९ साली किल्ला मराठ्यांच्या हाती गेला, मंदिरे ओस पडली, पण त्या शिळांवरील अक्षरे अद्याप वाचता येतात. त्यांवर नाव आहे, घराणे आहे, कुलचिन्ह आहे, सन आहे. वीरगळावर यांतले काहीच नाही. एकाने माणसाचे नाव जपले आणि त्याची कहाणी गमावली. दुसऱ्याने कहाणी जपली आणि नाव गमावले. मृत्यूनंतर माणसाचे नेमके काय उरावे, याविषयीची ही दोन उत्तरे आहेत. दोन्ही कोरणारे हात बहुधा याच मातीतले होते.

प्रतीके अशी एका परंपरेतून दुसरीत सहज जातात. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या ख्रिस्तपुराणात स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द मोकळेपणाने वापरला. गोव्यातील घरांपुढचे क्रूस पुष्कळदा तुळशीवृंदावनासारख्या चौथऱ्यावर उभे असतात. दुसऱ्यासाठी प्राण वेचणे ही प्रेमाची परमावधी होय, ही शिकवण ज्यांना शुभवर्तमानातून मिळाली आहे त्यांना गाईंच्या कळपापुढे आडवा पडलेला तो राखणदार परका वाटू नये. कळपासाठी प्राण देणाऱ्या मेंढपाळाची प्रतिमा आपण जाणतो.

दगडाची दुसरी बाजू

परंतु भक्तीच्या भरात डोळे मिटून चालणार नाही. वीरगळाच्या शेजारीच पुष्कळदा सतीचा दगड असतो. त्यावर कोपरात दुमडलेला, बांगड्या ल्यालेला एक हात वर उठलेला असतो. पुरुषाच्या वाट्याला चार मजले आले. स्त्रीच्या वाट्याला केवळ एक हात. बांगड्या न फुटलेला तो हात तिच्या अखंड सौभाग्याची खूण समजला गेला. जळताना ती काय म्हणाली असेल, हे कोरण्याची सोय त्या भाषेत नव्हती. बंगालमध्ये १८२९ साली आणि मुंबई इलाख्यात १८३० साली सतीबंदीचा कायदा झाला. त्याआधीच्या शतकांत ज्या कारागिराने तो हात कोरला, त्याच्या घरीही आई, बहीण, मुलगी असणार. छिन्नी चालवताना त्याच्या मनात काय आले असेल, याचा विचार केल्यावाचून आपण त्या दगडापुढून पुढे जाऊ नये.

तिसरा एक दगड आहे तो गद्धेगाळ. राजाने दिलेले दान जो मोडील त्याला गाढवाचा शाप देणारा हा दगड शिलाहारांच्या प्रदेशात विशेष आढळतो. त्यावरील चित्र सभ्य माणसाने मान वळवावी असे असते. अलिबागजवळच्या अक्षी येथील शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ चा शिलालेख आज अनेक विद्वान मराठीतील सर्वांत जुना लेख मानतात. त्याचाही शेवट अशाच शापाने होतो. गद्धेगाळाच्या माथ्यावरही चंद्र-सूर्य असतात. जो पाथरवट वीराला स्वर्गी नेई, त्याच्याच हाताने ही शिवी कोरली जाई. गौरव आणि भय, या दोन खांबांवर तो समाज उभा होता आणि शिल्पकार दोन्ही खांबांचा मजूर होता.

एक प्रश्न तर मनातून जातच नाही. ज्याने शेकडो वीरांना स्वर्गाच्या दारी पोचवले, त्या पाथरवटाचा स्वतःचा वीरगळ कुठे आहे? दगडाखाली चिरडून, खाणीत पडून, छातीच्या रोगाने तोही मेलाच असेल. पण श्रमाच्या मरणाला त्या चौकटीत जागा नव्हती. तलवारीने मेलेला वीर. घण उचलताना मेलेला केवळ मजूर. जीवनाच्या अर्थाचा शोध घेणाऱ्या या कलेची ही सर्वांत मोठी उणीव मला वाटते. आणि ती केवळ त्या काळाची उणीव नाही. आजही आपण पुतळे कुणाचे उभारतो आणि ते घडवणाऱ्यांपैकी कितीजणांची नावे आपल्याला सांगता येतात, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

ज्यांचे दगड उभारले गेले नाहीत

मुळशीला विसाव्या शतकात आणखी एक लढा झाला. टाटांच्या वीजनिर्मितीसाठी मुळा नदीवर धरण बांधण्याचे ठरले. हे पाणी डोंगराच्या पोटातून कोकणात भिऱ्याच्या वीजगृहाकडे सोडायचे आणि त्यावर मुंबईसाठी वीज करायची, अशी योजना होती. त्यासाठी खोऱ्यातील सुमारे पन्नास गावांच्या जमिनी जाणार होत्या. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांनी त्याचे नेतृत्व केले, आणि याच लढ्याने त्यांना ‘सेनापती’ ही पदवी दिली. विनायकराव भुस्कुटे त्यांचे खंदे सहकारी होते. ‘जान किंवा जमीन’ ही सत्याग्रहींची घोषणा होती. बायका-मुलांसह माणसे कामाच्या जागी जाऊन बसली, तुरुंगात गेली. पुढे लढ्यात फाटाफूट झाली, १९२४ अखेर तो संपला आणि बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण झाले. गावठाणे, देवळे, मसणवाटा आणि बापजाद्यांचे देव पाण्याखाली गेले. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर लिहिलेल्या आणि २००९ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याला जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे.

वीरगळाची भाषा येथे अपुरी पडते. या लढ्यातील बहुसंख्यांच्या हाती तलवार नव्हती. ते मेले नाहीत, ते उठवले गेले. जमिनीसाठी रक्त सांडले तर जमीन मिळते, हा जुना करार होता. चंद्र-सूर्य त्याला साक्षी होते. १९२१ साली सरकारी कागदाने तो करार मोडला, आणि त्या कागदावर चंद्र-सूर्य नव्हते. गाव गमावून जगणाऱ्या माणसाची वेदना कोणत्या कप्प्यात कोरायची? खालच्या कप्प्यात तो बसत नाही, कारण तो जिवंत आहे. वरच्या कप्प्यात बसत नाही, कारण त्याला कोणी वर नेले नाही. त्याच्यासाठी नवा शिल्पकार आणि नवी चिन्हे हवी होती. पाथरवटाची परंपरा तोवर क्षीण झाली होती.

आज काय उरले आहे

वीरगळ मात्र अजून उभे आहेत. जीर्णोद्धारात जुने देऊळ पाडून सिमेंटचे बांधले जाते तेव्हा हे दगड कधी भिंतीत चिणले जातात, कधी पायरी होतात, कधी धुणे धुण्यासाठी वापरले जातात. भाविकपणाने फासलेल्या तैलरंगाखाली किती कोरीवकाम बुजले आहे, याला गणती नाही. मुळशीचा पाऊसही आपले काम करतोच. दगडफुलाचे करडे ठिपके वीराच्या तोंडावर पसरत जातात. पुरातत्त्व खात्याच्या यादीत प्रत्येक खेड्यातला दगड येणे शक्य नाही. अलीकडे गडकोट हिंडणारी तरुण मंडळी मोजमापे घेतात, छायाचित्रे काढतात, गावकऱ्यांना दगडाची ओळख करून देतात, ही समाधानाची गोष्ट आहे. आपल्या शाळांनी आणि धर्मग्रामांतील युवकमंडळांनीही एखाद्या सहलीत एवढे काम सहज करावे. दगड हलवू नये, रंगवू नये, खरवडू नये. फक्त पाहावा, मोजावा, नोंदवावा आणि गावाला त्याचे मोल सांगावे.

घरोघरच्या देव्हाऱ्यांत अजूनही वीराचा चांदीचा टाक असतो. नाशिककडे धुळवडीला वीरांची मिरवणूक निघते. दगडावरचा तो अनाम माणूस लोकांच्या मनातून पुरता गेलेला नाही.

या शिल्पकाराला जीवनाचा अर्थ सापडला का? त्याने दिलेले उत्तर पूर्ण नाही, हे आपण पाहिले. त्यात स्त्रीला आवाज नाही, श्रमिकाला जागा नाही, जगून राहण्याचे शौर्य त्याला दिसले नाही. पण एक गोष्ट त्याने कधी सोडली नाही. एकाही दगडावर त्याने मेलेल्या माणसाला खालच्याच कप्प्यात ठेवले नाही. फत्तर कितीही कठीण असो, गिऱ्हाईक कितीही गरीब असो, जागा कितीही अपुरी असो, वरचा कप्पा त्याने कोरलाच, आणि त्यात मेलेल्या माणसाला हात जोडून बसवले. त्याची ही श्रद्धा त्याने कोणत्याही ग्रंथात लिहिली नाही, कारण बहुधा त्याला लिहिता येत नव्हते. मुळशीच्या वाटेवर एखाद्या पाराखाली थांबून शेंदराखालची ती आकृती निरखून पाहिली, तर ती आजही वाचता येते.